रणपिसे बाईंनी दिलेला शब्द

शीला रणपिसे यांना 'बाई' म्हणणारा गुडगावजवळच्या मानेसरमध्ये मी एकटाच होतो. बाकी सगळ्या कारखान्याच्या त्या 'मैडम'; गेटवरच्या चौकीदारापासून थेट आमच्या प्लँट हेड भाटियासाहेबांपर्यंत. मी मात्र पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये त्यांच्या डब्यातली बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बघून 'बाई, तुम्ही नगरकडच्या का?' असं विचारून बसलो आणि ते 'बाई' कायमचं चिकटलं. त्यांनीही मला कधी 'टिपणीसजी' वगैरे म्हटलं नाही. 'अहो टिपणीस', एवढंच. त्या 'अहो'च्या सुरावरून मला कळायचं की पुढे काम आहे की खरडपट्टी. बहुतेक वेळा खरडपट्टीच असायची.

ते दिवस मोठे चमत्कारिक होते. जयपूरकडे जाणाऱ्या हायवेच्या कडेला काल जिथे मोहरी डोलत होती, तिथे आज पत्र्याची शेड उभी राहायची आणि चार दिवसांत तिच्यावर परदेशी नावाची पाटी लागायची. आम्ही पुण्या-मुंबईहून आलेले नोकरदार गुडगावच्या नव्या सोसायट्यांत राहत होतो. तिथे संगमरवरी फरशी होती, पण वीज जनरेटरची आणि पाणी टँकरचं. बाईंची आई नगरला मिशनच्या शाळेत शिक्षिका होती. बाई पुण्यात कारखान्यातलं मोजमापाचं काम शिकल्या, तिथेच नोकरीला लागल्या आणि नवऱ्याच्या बदलीबरोबर दिल्लीला आल्या. नवरा वसंतराव करोल बागेतल्या एका बँकेत अधिकारी होते. अत्यंत शांत माणूस. एक मुलगा, तो पुण्याला हॉस्टेलवर. आमचा कारखाना गाड्यांच्या ब्रेकमधले छोटे भाग बनवायचा. मी पर्सोनेलमध्ये होतो, म्हणजे माणसं भरायची, माणसं काढायची आणि मधल्या काळात त्यांच्या रजा नामंजूर करायच्या. बाई क्वालिटीच्या प्रमुख होत्या.

दिसायला बाई एवढ्याशा. सलवार-कमीजवर कंपनीचा राखाडी कोट, जाड भिंगांचा चष्मा आणि पायांत लोखंडी टाचांचा आवाज करणारे सेफ्टी शूज. चालणं इतकं भरभर की बरोबरच्या माणसाने धापा टाकाव्यात. आवाज त्यांनी कधी चढवला नाही. राग आला की त्या जास्त अदबीने बोलायच्या, आणि त्यांची अदब वाढू लागली की समोरच्याला घाम फुटायचा. जेवायला बसल्या की डबा उघडून क्षणभर डोळे मिटायच्या, मनात प्रार्थना करायच्या आणि डोळे उघडल्या उघडल्या विचारायच्या, 'अहो टिपणीस, ते पॅकिंगमधल्या माणसांचं काय झालं?' देव आणि मी यांच्यात त्या फार अंतर ठेवत नसत.

त्यांच्या राज्याचं केंद्र म्हणजे इन्स्पेक्शन रूम. अख्ख्या कारखान्यात भाटियासाहेबांची केबिन सोडली तर एसी फक्त तिथे. कामगार कुरकुरायचे, 'मैडम का ठंडा कमरा.' एकदा महिनाअखेरीला माल पाठवायची घाई होती. मशीनवरून निघालेले ब्रेकचे पिस्टन भाटियासाहेबांनी मशीनपाशीच मोजून घ्यायला लावले. मापात बसले. ट्रक दारात उभा. बाई आल्या, त्यांनी एक पिस्टन हातात धरला आणि म्हणाल्या, 'सर, यह गरम है.'

'गरम है तो क्या हुआ? माप तो ठीक है ना?'

'गरम चीज़ फूलती है, सर. ठंडी होने दीजिए, फिर मापते हैं. आपको जल्दी हो तो आप जाइए, मैं बैठी हूँ.'

आणि खरंच बसल्या. तो सगळा माल थंड खोलीत ठेवला, आणि थंड झाल्यावर मोजला तर बराचसा लहान भरला. तेवढा लाल डब्यात गेला. लाल डबा म्हणजे नापास माल. मला बाई एवढंच म्हणाल्या, 'ब्रेक आहे हो तो. कोणाचं तरी पोर मागच्या सीटवर बसलेलं असतं.'

त्या खोलीत मोजणीच्या कामाला मुली घ्यायच्या, हे बाईंच्या डोक्यातून निघालं. 'बारीक काम आहे, बैठं काम आहे आणि इथल्या आयटीआयमधून पास झालेल्या मुली घरी बसून गोवऱ्या थापतायत,' असं त्यांचं म्हणणं. भाटियासाहेब हसले. म्हणाले, आणून दाखवा. मला वाटतं त्यांची खात्री होती की येणारच नाहीत. आम्ही आसपासच्या गावांत हिंडायला निघालो. एकट्या बाईने घरोघर जाणं बरं दिसत नाही म्हणून कंपनीने मला बरोबर दिलं होतं. प्रत्यक्षात मी खाटेवर बसून ताक पीत असे आणि बोलत असत बाई.

सगळ्यात अवघड घर होतं रामपालचं. त्याची मुलगी संतोष आयटीआयमध्ये पहिली आली होती. रामपाल उंचापुरा, पांढऱ्या पागोट्याचा माणूस. आमचा कारखाना ज्या जागेवर उभा होता, तिथलं थोडं रान त्याचंच होतं. हुक्क्याची नळी बाजूला करून तो म्हणाला, 'जमीन तो थम ले गए. इब छोरी भी चाहिए?'

मी ताकाच्या पेल्यात बघितलं. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, 'ज़मीन मैंने नहीं ली, चौधरी साहब. पर लड़की मुझे चाहिए. अच्छी है.'

'उड़ै देखेगा कौण इसनै?'

'मैं देखूँगी. बस में मैं साथ बैठूँगी. कमरे में मैं रहूँगी. शाम को यहीं उतारूँगी. जिस दिन मैं नहीं आऊँ, उस दिन मत भेजना.'

रामपालने आतल्या दाराकडे तोंड करून हाक मारली आणि चहा मागवला. दारामागे बांगड्या वाजल्या, म्हणजे संतोष सगळं ऐकत उभी होती.

हाच शब्द बाईंनी मग प्रत्येक घरी दिला. मी येताना म्हटलं, 'बाई, तुमच्याकडे मारुती आहे, आता रोज बसने हिंडणार? आणि तुम्हाला कधी ताप आला, गावाला जावं लागलं, तर?' त्या म्हणाल्या, 'मला ताप येत नाही.' मी हसलो. त्याही हसल्या.

पुढची काही वर्षं बाईंनी तो शब्द अक्षरशः पाळला. सकाळी कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बाई, मागे दहा-बारा मुली. त्या वर्षांत बाई नगरला गेल्या त्या फक्त कारखान्याच्या वार्षिक सुट्टीत. सख्ख्या भाचीचं लग्न मधल्या वारी आलं, तर गेल्या नाहीत. वसंतराव एकटे आहेर घेऊन गेले. मुली तयारही अशा झाल्या की काही विचारू नका. संतोषच्या हातात पिस्टन दिला तर ती मापयंत्र लावण्याआधी सांगायची की हा नापास. बाई तिला म्हणायच्या, 'दिखा तो बोलो. किसी का भी माल हो.' एकदा तिने भाटियासाहेबांनी स्वतः पास केलेला नमुना त्यांच्यासमोर लाल डब्यात टाकला. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. बाई त्या दिवशी जेवताना दुप्पट जेवल्या.

मग बाईंना आजार निघाला. स्तनाचा कर्करोग. त्यांनी मला ते सांगितलं ते असं: 'अहो टिपणीस, ऑपरेशनसाठी कारखान्याच्या दिवाळीच्या सुट्टीतली तारीख मिळाली आहे. त्याला जोडून थोडे दिवस लागतील. त्या दिवसांत माझी खोली बंद ठेवा, साफसफाई आणि यंत्रांची तपासणी काढा. मुलींना सुट्टी द्या, पण पगारी.' मला आधी कळेचना की कसलं ऑपरेशन. कळल्यावर मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. त्या म्हणाल्या, 'बसा हो. अजून मेले नाही.'

ऑपरेशन पार पडलं. पुढे केमोथेरपी होती. मी तोपर्यंत सगळं जुळवून ठेवलं होतं. साहेबांशी बोललो होतो, लांब रजा मंजूर करून घेतली होती. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणासाठी तरी रजा मागायला गेलो होतो. बाईंना सांगितलं, तर त्यांनी आधी माझे आभार मानले. आभार अदबीने मानले, तेव्हाच मी ओळखलं.

'मी घरी बसले तर खोलीत कोण?'

'संतोष आहे की.'

'संतोष अजून हुद्द्याने साधी इन्स्पेक्टर आहे. मी नसले की साहेब तिथे ठेकेदाराचे पुरुष आणून बसवतील. आणि ते आणण्याआधीच पोरींचे बाप पोरींना घरी ठेवतील. मीच सांगितलंय ना त्यांना, मी नसेन त्या दिवशी पाठवू नका म्हणून? आधी संतोषला सुपरवायझर करून घेऊ दे. मग तुम्ही सांगाल तितकी रजा.'

साहेबांनी त्याला एक अट घातली होती. आमचं मुख्य गिऱ्हाईक असलेली जपानी कंपनी नव्या ब्रेकची तपासणी करायला माणसं पाठवणार होती. ती माणसं इन्स्पेक्शन रूम बघून समाधानी झाली, तर खोली आहे तशी कायम आणि संतोष सुपरवायझर. नाही झाली, तर ठेकेदार. म्हणजे आता बाईंना दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या, औषध आणि ती तपासणी. त्यांतली एकही मागे सरकलेली त्यांना चालणार नव्हती.

त्यांनी आखणी केली ती कारखान्यासारखी. केमोचा डोस शनिवारी घ्यायचा, दर तीन आठवड्यांनी. त्या शनिवारी मुलींना सुट्टी, आणि ते काम बाकीच्या दिवसांत थोडं थोडं वाटून उरकायचं. हे जुळवायचं काम माझ्याकडे. रविवारी बाई दिवसभर अंथरुणावर. चर्च बंद, स्वयंपाक बंद. सोमवारी सकाळी बसमध्ये. डॉक्टर म्हणत होते की तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत विश्रांती घ्या. बाई म्हणायच्या, 'मशीन बंद ठेवलं की गंजतं.' हे ऐकून मला संताप यायचा. मी एकदा म्हणालोही, 'बाई, तुम्ही मशीन नाही.' त्यावर म्हणाल्या, 'मशीन असते तर तुम्ही वेळेवर तेल घातलं असतं.'

त्या सोमवारच्या बसचं वर्णन मला संतोषनेच केलं. मैडम पुढच्या सीटवर डोळे मिटून बसतात, मांडीवर पॉलिथिनची पिशवी, मुठीत लिंबू. हायवेच्या खड्ड्यांपाशी उलटी होते. ड्रायव्हरने पहिल्यांदा बस थांबवली, तर म्हणाल्या, 'चलाओ भाई, शिफ्ट का टाइम है.' मुली खिडकीबाहेर बघत बसायच्या, कारण बघितलेलं मैडमना आवडायचं नाही. मग एक दिवस संतोष उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि पिशवी तिने धरली. तिथून पुढे ती जागा संतोषची झाली.

केस गेले तेव्हा वसंतरावांनी करोल बागेतून एक टोप आणला. काळाभोर, मानेवर वळणारा, सिनेमातल्या बाईसारखा. बाई तो घालून कामावर आल्या आणि अख्खा कारखाना आपापल्या मशीनकडे बघू लागला, कारण हसू आवरत नव्हतं. इन्स्पेक्शन रूममध्ये जाऊन बाईंनी तो काढला आणि माप घ्यायच्या स्टँडवर अडकवला. 'संतोष, इसको माप. मुझे लगता है यह भी रिजेक्ट है.' मुली खदखदून हसल्या आणि त्यांतली एक हसता हसता रडायला लागली. मग सगळ्याच रडल्या. बाईंनी त्यांना रडू दिलं आणि मग हात धुऊन कामाला बसायला सांगितलं. त्यानंतर त्या साधा सुती रुमाल बांधून यायच्या. मला त्या रुमालात त्या जास्त देखण्या वाटायच्या, पण असं काही बोलायची आमची पद्धत नव्हती.

त्या हिवाळ्यात बाई फार उतरल्या. नखं काळी पडली. बोटांच्या टोकांना मुंग्या यायच्या, त्यामुळे बारीक मापयंत्र हातातून निसटायचं. हे मात्र त्यांना फार लागलं. उलट्या, केस, अशक्तपणा, कशाचीही तक्रार त्यांनी केली नव्हती. बोटांची केली. 'अहो टिपणीस, मला आता समजतच नाही हो हातात काय आहे ते.' कँटीनमध्ये समोरासमोर बसलो होतो. मी पाण्याचा ग्लास उगीच इकडचा तिकडे केला.

तपासणीची तारीख आली. शुक्रवार आणि शनिवार असे दोन दिवस ती माणसं येणार होती. बाईंचा डोस होता आदल्या शनिवारी. म्हणजे आखणी बरोबर बसली होती. डोस झाला की रविवार झोपून काढायचा, सोमवारपासून तयारी, शुक्रवारपर्यंत बऱ्यापैकी उभं राहता येतं, असा त्यांचा अनुभव होता.

पुढचं मला नंतर वसंतरावांनी सांगितलं. त्या शनिवारी पहाटेच बाईंच्या अंगात कणकण होती. हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये डोस देण्याआधी नर्स ताप बघते, आणि ताप असला तर डोस थेट पुढच्या शनिवारी. बाईंना हे पक्कं माहीत होतं. पुढच्या शनिवारी जपानी माणसं खोलीत उभी राहणार होती. डोस पंधरा दिवस लांबवावा, असंही त्यांच्या मनात येईना, कारण औषधाची वेळ चुकली की आजाराला फावतं हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. कामही वेळेवर हवं आणि औषधही वेळेवर. म्हणून त्यांनी गाडीतच ताप उतरवायची गोळी घेतली. वसंतरावांना म्हणाल्या, डोकं दुखतंय. पोहोचेपर्यंत घाम येऊन अंग गार पडलं. नर्सने थर्मामीटर लावला. ताप नाही. डोस दिला गेला.

गरम पिस्टन मोजू न देणाऱ्या बाईने हे केलं. ते ऐकून आधी माझा विश्वास बसला नाही आणि मग मला इतका राग आला की वसंतरावांसमोर मी टेबलावर हात आपटला. त्या माणसाचा काही दोष नव्हता. अंगात आधीच कसला तरी संसर्ग शिरलेला, त्यावर ते औषध, म्हणजे लढणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत. डॉक्टरांनी मला हे पुन्हा एकदा समजावून सांगितलं, पण मला पहिल्याच वेळी समजलं होतं.

तो अख्खा आठवडा बाई गोळ्यांवर होत्या. आम्हाला वाटलं, नेहमीचा अशक्तपणा. तपासणीच्या दोन्ही दिवशी त्या उभ्या होत्या. एका हाताने टेबलाची कड धरलेली, डोक्याला निळा रुमाल. जपानी पाहुण्यांनी एक पिस्टन उचलून संतोषला काहीतरी विचारलं. दुभाष्याने हिंदीत सांगितलं. संतोषने बाईंकडे पाहिलं, तर बाई मुद्दाम खिडकीकडे बघत होत्या. मग संतोषने स्वतःच उत्तर दिलं, यंत्र लावून दाखवलं, आणि पाहुण्यांनीच दिलेल्या नमुन्यातला एक पिस्टन लाल डब्यात टाकला. तो मुद्दाम मिसळलेला खराब नमुना होता. पाहुणा वाकला. संतोषला कळेना की काय करावं, मग तीही वाकली. भाटियासाहेबांनी शनिवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर जाहीर केलं की खोली कायम आणि संतोष सुपरवायझर. टाळ्या झाल्या. बाईंनी मुलींना बसमध्ये बसवलं, एकेकीला आपापल्या गावाच्या फाट्यावर उतरवलं आणि घराच्या जिन्यावर कोसळल्या.

त्या परत कामावर आल्या नाहीत. आठवडाभरात गेल्या.

नंतरचंही सांगून टाकतो. त्यांच्या मागे चार-पाच मुलींचं काम सुटलं. एकीचं लग्न ठरलं, बाकीच्यांना घरच्यांनी बसवलं. कारण कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. उरलेल्या टिकल्या. संतोषने खोली सांभाळली, इतकी की भाटियासाहेबांनंतर आलेले साहेबही तिच्याशी जपून बोलायचे. वसंतराव नगरला परत गेले. त्यांची नि माझी गाठ पुन्हा पडली नाही.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते दिल्लीच्या त्या हॉस्पिटलात, वेगळ्या खोलीत. नाकाला ऑक्सिजनची नळी होती. ओठ फुटले होते. अजून शुद्ध होती, पण आवाज बसला होता. मी तोंडाला मास्क लावून कॉटच्या पायथ्याशी उभा होतो. तेवढ्यात बाहेर काहीतरी गडबड झाली आणि वसंतराव एका माणसाला आत घेऊन आले. रामपाल होता. पांढऱ्या पागोट्याखाली हिरवा मास्क. एवढा मोठा माणूस, पण त्या खोलीत कुठे उभं राहावं ते त्याला कळत नव्हतं.

बाईंनी त्याला ओळखलं. उठायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मग मला वाटतं त्यांनी सगळी ताकद गोळा केली. 'चौधरी साहब, सोमवार को आ जाऊँगी मैं. दो-चार दिन की बात है. लड़की को... घर पे मत...'

रामपालने हात जोडले. 'मैडम जी, कौण रोकै है छोरी नै? वा बात तो मैं कद की भूल लिया. थमनै कदे पूछ्या ए कोन्या.'

म्हणजे ती अट तो केव्हाच विसरला होता, आणि बाईंनी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

'पहलां थारे भरोसे भेजूँ था. इब तो मैं रोकूँ, तो वा मन्नै ए घर तै काढ दे,' तो म्हणाला. त्याला बाईंना हसवायचं होतं. 'दो साल तै तो मैं गाँव मैं सबनै कहता फिरूँ सूँ, छोरी नौकरी पै जा सै मेरी. थम आराम करो, मैडम जी. छोरी जावैगी.'

वसंतराव त्याला बाहेर घेऊन गेले.

बाईंनी मान माझ्याकडे वळवली. चष्मा काढलेला होता, त्यामुळे डोळे लहान मुलासारखे उघडे वाटत होते. मी जवळ गेलो, वाकलो. त्या मराठीत म्हणाल्या, अगदी हळू, पण नीट शब्द लावून:

'अहो टिपणीस, म्हणजे मी घरी राहिले असते, तरी पोरी राहिल्या असत्या?'

मला 'नाही' म्हणता आलं असतं. खोटं ठरलं नसतं, कारण पुढे काही मुली गेल्याच. 'हो' म्हणता आलं असतं, तेही खोटं नव्हतं. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आणि माझ्या तोंडावर मास्क होता. मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली. नर्स आली आणि तिने मला बाहेर जायला सांगितलं.